बर्डीवर भेटू म्हणजे नेमकं कुठे? जोडलेल्या नोंदींत वाट काढायला शिकताना

माझा भाचा राज्यसेवेची तयारी करतो, नागपूरच्या धरमपेठेतल्या एका अभ्यासिकेत बसतो. मागच्या उन्हाळ्यात त्याने वह्या सोडून लॅपटॉपवर ऑब्सिडियनमध्ये, म्हणजे एकमेकींना जोडता येणाऱ्या नोंदींच्या ॲपमध्ये, नोंदी काढायला घेतल्या. दोन महिन्यांनी माझ्याकडे आला तो तोंड उतरवून. "मावशी, लिंका तर सगळ्या टाकल्या मी. पण काही सापडूनच नाही राहिलं."

त्याच्याकडे तीनशेच्या वर नोंदी होत्या. कोणती नोंद कुणाशी जोडली आहे ते दाखवणारा आलेख उघडला तर ठिपक्यांचं आणि रेघांचं मोहोळ, आणि मधोमध एक भलामोठा ठिपका: 'विदर्भ'. कुठूनही निघा, दोन क्लिकांत विदर्भावर येऊन आदळायचं आणि तिथून पुढे कुठे जायचं ते कळायचं नाही.

लिंक टाकणं दहा मिनिटांत जमतं. टाकलेल्या लिंकवरून चालायचं कसं आणि चालून गेल्यावर मागे यायचं कसं, हे मात्र शिकावं लागतं. त्या दुपारी आम्ही दोघांनी बसून जे केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी ऑब्सिडियन धरून सांगते, कारण ते मी रोज वापरते. लॉगसेकसारखं दुसरं ॲप असेल तर बटणं आणि काही चिन्हं वेगळी असतील, रीत साधारण तीच.

आधी घर समजून घ्या

ऑब्सिडियनमध्ये तुमच्या नोंदी म्हणजे तुमच्याच संगणकावरच्या एका फोल्डरमधल्या साध्या मजकुराच्या फाइली. त्या फोल्डरला ॲप 'व्हॉल्ट' म्हणतं. एक नोंद म्हणजे एक फाइल, आणि फाइलचं नाव हेच नोंदीचं नाव. एका नोंदीतून दुसरीकडे जायचं तर दुसरीचं नाव दुहेरी चौकटी कंसात लिहायचं: [[नागपूर करार]] (विदर्भाला मराठी राज्यात सामील करून घेण्यासाठी नेत्यांमध्ये झालेला करार). मराठी विकिपीडियावर ज्यांनी कधी संपादन केलं असेल त्यांना हे कंस ओळखीचे वाटतील.

दोन कंस टाइप केले की खाली नोंदींची यादी उघडते, त्यातून निवडा. जी नोंद अजून लिहिलेलीच नाही तिचंही नाव कंसात टाकता येतं. ती लिंक फिकट दिसते, आणि तिच्यावर क्लिक केलं की त्या नावाची कोरी नोंद तयार होते. मला ही सोय फार आवडते. 'हे पुढे वाचायचं आहे' अशी वेगळी यादी ठेवावी लागत नाही.

पुढे जा, पण मागचा दरवाजा उघडा ठेवा

नवशिके हरवतात ते इथे. एका लिंकवर क्लिक, तिथून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या, आणि पाचव्या नोंदीवर आल्यावर आपण मुळात काय शोधत होतो तेच आठवत नाही. म्हणून पहिल्या दिवशी बाकी काही शिकू नका, एवढ्या चार गोष्टी बोटांना लावून घ्या:

१. कंट्रोल, ऑल्ट आणि डावा बाण: आधीच्या नोंदीवर परत. उजवा बाण: पुन्हा पुढे. नोंदीच्या वरच्या पट्टीत डावीकडे बाणांची बटणंही असतात. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड आणि ऑल्टऐवजी ऑप्शन.

२. कंट्रोल दाबून लिंकवर क्लिक: ती नोंद नव्या टॅबमध्ये उघडते, मूळची जागेवर राहते.

३. कंट्रोल आणि ओ: नावाची दोन-चार अक्षरं टाइप करून थेट कुठल्याही नोंदीवर उडी.

४. लिहिताना लिंकवर माउस नेऊन कंट्रोल दाबून धरा: ती नोंद छोट्या खिडकीत डोकावते. उघडायची गरजच नाही.

यातली चौथी सर्वांत कमी वापरली जाते आणि सर्वांत जास्त वेळ वाचवते. 'नागपूर कराराची तारीख काय होती?' एवढंच हवं असेल तर डोकवायचं, २८ सप्टेंबर १९५३ वाचायचं आणि लिहीत राहायचं.

आणखी एक युक्ती. ज्या नोंदीवर आज काम करायचं आहे तिच्या टॅबवर उजवं क्लिक करून ती 'पिन' करा. मग तिच्यातल्या लिंका आपोआप वेगळ्या टॅबमध्ये उघडतात आणि मुक्कामाची नोंद हलत नाही. भाच्याला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "एवढंच होतं काय बे!" मग मी मावशी आहे हे आठवून जीभ चावली.

नावं मराठी आहेत, म्हणून थोडी जास्त काळजी

बहुतेक शिकवण्या इंग्रजीत असतात, त्यामुळे या भागाबद्दल तिथे काही मिळत नाही. आपल्या भाषेत शब्द जसाच्या तसा क्वचितच बसतो. नागपूर म्हणतो, पण पुढच्याच वाक्यात नागपुरात, नागपूरहून, नागपुरातल्या. आयोग म्हणतो, पण 'आयोगाने' शिफारस केली. ॲपला व्याकरण येत नाही, त्याला फक्त अक्षरं कळतात. 'नागपूर'मधला दीर्घ ऊकार आणि 'नागपुरात'मधला ऱ्हस्व उकार त्याच्या दृष्टीने वेगवेगळी अक्षरं.

मग वाक्यात लिंक कशी बसवायची? फाझल अली आयोग, म्हणजे राज्य पुनर्रचना आयोग, याची लिंक भाच्याने केली होती अशी: [[फाझल अली आयोग]]ाने. कंस बंद करून काना बाहेर टाकलेला. काना बिचारा गोल ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकून राहतो आणि वाचताना दातात खडा आल्यासारखं होतं. बरोबर रीत ही: कंसातच नावानंतर उभी रेघ टाकायची आणि पुढे वाक्यात जसं दिसायला हवं तसं लिहायचं.

[[फाझल अली आयोग|फाझल अली आयोगाने]] १९५५ च्या अहवालात वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली.

रेघेच्या डावीकडे पत्ता, उजवीकडे बोलण्याची भाषा. आठवडाभर हात अडखळतो, मग सवय होते.

दुसरी गोष्ट टोपणनावांची. आपल्या नागपुरात एका जागेची तीन नावं आणि चार लेखनं. शहराच्या मधला बाजारभाग घ्या: सीताबर्डी, सिताबर्डी, सीताबुलडी आणि बोलताना नुसतं बर्डी. नोंदीच्या अगदी पहिल्या ओळीत तीन आडव्या रेघा टाका, गुणधर्मांचा चौकोन उघडेल. त्यात 'एलिअसेस' निवडा आणि ही सगळी नावं तिथे भरा. यापुढे दोन कंस टाकून 'बर्डी' लिहिलं तरी यादीत सीताबर्डीचीच नोंद येईल, आणि निवडली की उभ्या रेघेचं काम ॲप स्वतः करेल. नेहमी लागणारी सामान्यरूपंही मी तिथेच टाकून ठेवते: नागपूरच्या नोंदीत 'नागपुरात', 'नागपुरातील', 'नागपुरातून'.

तिसरी गोष्ट आकड्यांची. देवनागरीतलं १९५६ आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच साल ही ॲपच्या लेखी दोन वेगळी नावं. भाच्याच्या व्हॉल्टमध्ये एकाच वर्षाच्या दोन नोंदी सापडल्या, दोन्ही अर्धवट. कोणते आकडे वापरायचे ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि मग बदलू नका. नोंदीच्या नावात विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके, प्रश्नचिन्ह, तिरकी रेघ, चौकटी कंस ही चिन्हं वापरू नका. यातली काही फाइलच्या नावात चालत नाहीत, काहींमुळे लिंक मोडते.

आता उलटं चाला

नोंदींच्या जाळ्याची खरी गंमत उलट दिशेला आहे. तुम्ही 'नागपूर करार' या नोंदीवर उभे आहात. तिच्यातून बाहेर जाणाऱ्या लिंका तुम्हीच टाकल्या, त्या दिसतातच. पण इथे कोण कोण येतं? हे उजव्या पट्टीतला 'बॅकलिंक्स' हा भाग सांगतो. पट्टी बंद असेल तर वर उजव्या कोपऱ्यातल्या बटणाने उघडा. फोनवर पडदा उजवीकडून डावीकडे सरकवला की तीच पट्टी येते.

तिथे दोन याद्या असतात. 'लिंक्ड मेन्शन्स' म्हणजे ज्या नोंदींनी कंस टाकून इथे बोट दाखवलं आहे त्या. 'अनलिंक्ड मेन्शन्स' म्हणजे जिथे हे नाव नुसतंच आलं आहे, कंस टाकायचा राहिला आहे त्या. दुसऱ्या यादीतल्या ओळीवर माउस नेला की जोडण्याचं बटण दिसतं, दाबलं की लिंक तयार. टोपणनावं भरून ठेवली असतील तर ही यादी तीही शोधते. मघाशी 'नागपुरात' भरायला सांगितलं ते यासाठीच.

उलटं चालल्याने काय मिळतं ते एका उदाहरणाने सांगते.

भाच्याने, माझ्या सांगण्यावरून, प्रत्येक महत्त्वाच्या वर्षाची एकेक नोंद केली. आत फारसं काही नाही, बहुतेक कोरीच. फक्त बाकीच्या नोंदींत जिथे जिथे साल आलं तिथे त्याभोवती कंस. मग आम्ही '१९५६' उघडली आणि बॅकलिंक्स पाहिल्या. दीक्षाभूमीच्या नोंदीतून एक ओळ आली होती: १४ ऑक्टोबर, धम्मचक्र प्रवर्तन. राज्य पुनर्रचनेच्या नोंदीतून दुसरी: १ नोव्हेंबर, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात. नागपूर उच्च न्यायालयाच्या नोंदीतून तिसरी: १९३६ मध्ये सुरू झालेलं हे न्यायालय याच वर्षी स्वतंत्र न्यायालय म्हणून संपलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला त्याचे शेवटचे मुख्य न्यायाधीश.

भाचा दोन तारखांकडे बघत बसला. "म्हणजे बाबासाहेबांनी दीक्षा घेतली तेव्हा नागपूर महाराष्ट्रात नव्हतंच?"

महाराष्ट्र तर नव्हताच, तो १९६० चा. मुंबई राज्यातही नव्हतं. त्या दिवशी नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि आणखी अठरा दिवसांनी ते राजधानी राहणार नव्हतं. दीक्षाभूमीचा धडा एका पुस्तकात, राज्य पुनर्रचनेचा दुसऱ्या, उच्च न्यायालयाचा तिसऱ्या. त्याने तिन्ही पाठ केले होते. पण ते एकाच शरद ऋतूत, एकाच शहरात घडलं हे कुठल्याही पानावर लिहिलेलं नव्हतं. ते बॅकलिंक्सच्या यादीत एकाखाली एक येऊन बसलं.

म्हणून माझा आग्रह: नोंद उघडली की आधी खाली वाचू नका, आधी उजवीकडे बघा. रोज नवीन नोंद लिहून झाली की दोन मिनिटं तिच्यात आलेल्या व्यक्ती, वर्षं आणि जागा यांच्या नोंदी उघडून त्यांच्या बॅकलिंक्स चाळा.

बर्डीचा घोटाळा

आता त्या भल्यामोठ्या 'विदर्भ' ठिपक्याकडे येऊ.

नागपुरात कोणी "बर्डीवर भेटू" म्हणालं तर बाहेरचा माणूस खूश होतो, ठिकाण ठरलं म्हणून. नागपूरकर लगेच विचारतो, बर्डीवर कुठे? मेन रोडला, मोदी नंबरच्या गल्लीत, की किल्ल्याच्या बाजूला? बर्डी सगळ्यांच्या वाटेवर आहे, म्हणूनच तो पत्ता होऊ शकत नाही.

'विदर्भ' या नोंदीवर दीडशे ठिकाणांहून बोटं येत होती. संत्री, कापूस, अनुशेष, ताडोबा, करार, आयोग, सगळ्यांना विदर्भाशी जोडलेलं. खोटं काहीच नाही, पण त्या बॅकलिंक्सच्या यादीतून काही निवडताही येत नाही. आम्ही दोन बदल केले.

एक: जिथे 'विदर्भ' नुसता उल्लेख म्हणून आला होता तिथले कंस काढून टाकले. शब्द आला म्हणून लिंक टाकायची नसते. इथून तिथे गेल्यावर वाचणाऱ्याला (म्हणजे सहा महिन्यांनंतरच्या तुम्हाला) काही मिळणार असेल तरच टाकायची.

दोन: जी लिंक ठेवली तिच्याभोवती पूर्ण वाक्य लिहिलं. 'संबंधित: [[नागपूर करार]]' अशी शेपटी नोंदीच्या तळाला लावायची सवय बहुतेकांना असते, मलाही होती. पण बॅकलिंक्समध्ये ती ओळ दिसते तेव्हा तिच्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी हे बघा:

'विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घ्यायचं हे [[नागपूर करार|नागपूर करारात]] ठरलं, हिवाळी अधिवेशनाचं मूळ तिथे आहे.'

आता कराराच्या नोंदीवर उभं राहून बॅकलिंक्समध्ये ही ओळ वाचली की हिवाळी अधिवेशनाची नोंद उघडायची की नाही ते तिथल्या तिथे ठरतं.

मग मोठ्या विषयांचं काय करायचं? त्यांच्यासाठी चौक बांधा. 'विदर्भ' ही नोंद मोडून आम्ही 'विदर्भ: सुरुवात इथून' असं नाव देणार होतो, पण वर सांगितल्याप्रमाणे नावात दोन ठिपके चालत नाहीत, म्हणून 'विदर्भ चौक' ठेवलं. त्यात हाताने लिहिलेली पंधरा-वीस वाक्यं. राज्याच्या मागणीबद्दल वाचायचं तर आधी फाझल अली आयोग, मग वेगळ्या विदर्भाचे पुढारी लोकनायक अणे, मग संविधानाच्या ३७१ व्या कलमाचं दुसरं उपकलम. विकासाच्या अनुशेषाबद्दल वाचायचं तर दांडेकर समितीपासून सुरुवात. सीताबर्डी मेट्रो स्थानकावर ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापती नगर ते लोकमान्य नगर या दोन्ही मार्गिका भेटतात, पण गाडी बदलायला कोणत्या फलाटावर जायचं याच्या पाट्या लावल्यात म्हणून भागतं. चौक-नोंद म्हणजे त्या पाट्या. शंभर नोंदींमागे असे चार-पाच चौक पुरतात. पहिल्याच दिवशी बांधायला बसू नका. एखाद्या विषयावर वीसेक नोंदी साठल्या आणि चुकायला लागलं की बांधा.

आलेखाबद्दल माझं प्रांजळ मत

कंट्रोल आणि जी दाबलं की पूर्ण व्हॉल्टचा आलेख उघडतो. दिसायला देखणा. मित्रांना दाखवायला उत्तम. वाट काढायला जवळपास निरुपयोगी. मी तो महिन्यातून एकदा उघडते, तेही एकाच कामासाठी: एकटे पडलेले ठिपके बघायला. कुणाशीच न जोडलेली नोंद कडेला तरंगताना दिसते. ती एकतर जोडायची किंवा पुसायची.

उपयोगाचा आहे तो स्थानिक आलेख. कंट्रोल आणि पी दाबून आज्ञांची यादी उघडा आणि 'लोकल ग्राफ' शोधा. यात फक्त समोरच्या नोंदीचे शेजारी दिसतात. त्याच्या मांडणीत 'डेप्थ' नावाची पट्टी असते. एकवर ठेवली तर थेट शेजारी, दोनवर शेजाऱ्यांचे शेजारी. दोनच्या पुढे नेऊ नका, पुन्हा मोहोळ होतं. 'लोकनायक अणे' या नोंदीवर दोनचा स्थानिक आलेख उघडला तर यवतमाळ, टिळक आणि वेगळा विदर्भ हे तीन वेगळे पुंजके स्पष्ट दिसतात. कोणत्या पुंजक्यात शिरायचं ते ठरवून आलेख बंद करा.

लांब नोंदीत नेमक्या जागी

लहानच विषय आहे, पटकन सांगते. कंसात नावानंतर हॅशचं चिन्ह टाकलं की त्या नोंदीतल्या शीर्षकांची यादी येते: [[नागपूर करार#अधिवेशन]]. हॅशनंतर टोपीचं चिन्ह (^) टाकलं तर परिच्छेद निवडता येतो. आणि पहिल्या कंसाआधी उद्गारचिन्ह टाकलं तर तो भाग इथेच उमटतो, जायची गरज नाही. उजळणीच्या पानासाठी हे झकास. पण जपून वापरा, नाहीतर एक पान उघडलं की दहा पानं अंगावर येतात.

एक अपघात, जो तुम्ही टाळू शकता

शिकवणीनंतर चार दिवसांनी भाच्याचा फोन. अर्ध्या लिंका फिकट झालेल्या. काय केलं होतं? नोंदींची नावं नीट करायची म्हणून ॲप बंद करून, संगणकाच्या फाइल मॅनेजरमधून एकामागून एक चाळीस फाइलींची नावं बदलली होती.

नाव ॲपच्या आतून बदललं तर त्याच्याकडे येणाऱ्या सगळ्या लिंका ॲप स्वतः दुरुस्त करतं. बाहेरून बदललं तर त्याला पत्ता लागत नाही. जुन्या नावाच्या लिंका अनाथ होतात, आणि त्यांच्यावर चुकून क्लिक केलं तर त्या नावाची नवी कोरी नोंद जन्माला येते. रविवारची सकाळ त्यातच गेली. तर्री पोहे मागवले, एकेक लिंक शोधली. त्याने आधी फोल्डरची प्रत काढून ठेवली असती तर ती जागेवर आणून अर्ध्या तासात काम झालं असतं.

तेव्हा नाव बदलायचं ते ॲपमध्येच. सेटिंगमध्ये 'फाइल्स अँड लिंक्स' या भागात लिंका आपोआप सुधारण्याचं बटण चालू आहे का तेही एकदा बघून घ्या. आणि दर रविवारी पूर्ण व्हॉल्टचं फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर टाका. साध्या मजकुराच्या फाइली असतात, हजार नोंदी झाल्या तरी एका फोटो अल्बमपेक्षा कमी जागा घेतात.

पहिल्या आठवड्याचा बेत

सोमवारी पाच नोंदी लिहा, तुमच्या ओळखीच्या विषयावर. अंबाझरी, फुटाळा, सक्करदरा, सोनेगाव, गांधीसागर असे तलाव घेतले तरी चालतील. मंगळवारी त्यांच्यात पूर्ण वाक्यं लिहून लिंका टाका, उभ्या रेघेसकट. बुधवारी टोपणनावं भरा. गांधीसागरला जुने लोक जुम्मा तलाव म्हणतात, फुटाळ्याला तेलंगखेडी. गुरुवारी काही लिहू नका, फक्त बॅकलिंक्स वाचा आणि मागे-पुढे बाण वापरत फिरा. शुक्रवारी 'नाग नदी' अशी नोंद उघडून तिच्या अनलिंक्ड मेन्शन्स पाहा. अंबाझरीच्या नोंदीत तुम्ही तिचं नाव नक्की लिहिलेलं असेल, आणि कंस टाकायचा राहिलेला असेल.